अप्पांच्या आईचे नाव

माझ्या सासऱ्यांना मी अप्पा म्हणत असे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सांगलीच्या सवयीने मी त्यांना ‘बाबा’ अशी हाक मारली. ते क्षणभर गोंधळले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, कारण उच्चार थोडा निराळा असला तरी हंगेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ तान्हे बाळ किंवा बाहुली असा होतो. वडिलांना त्यांच्या भाषेत ‘ऑपॉ’ म्हणतात. ते कानाला आमच्या अप्पाच्या इतके जवळ होते की त्या दिवसापासून ते माझे अप्पा झाले. माझ्या मुलांचे मात्र ते ‘नॉद्यपॉपॉ’, म्हणजे आजोबा होते.

अप्पा २०२३ च्या जानेवारीत, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, न्यू जर्सीतील एका रुग्णालयात गेले. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ मृत्यूच्या दाखल्यासाठी लागणारी माहिती एकेक करून विचारू लागले आणि माझा नवरा उत्तरे देऊ लागला. जन्मसाल १९३७, जन्मगाव हंगेरीतील ज्यॉर, व्यवसाय कारखान्यात यंत्रकारागीर, वडिलांचे नाव अमुक. त्यानंतरचा प्रश्न होता आईच्या लग्नापूर्वीच्या नावाचा, आणि तिथे माझा नवरा थांबला. त्याने ओहायोतील बहिणीला फोन केला, तर तिलाही ते ठाऊक नव्हते. दोघांनीही आपल्या आजीला लहानपणापासून ‘नॉद्यमॉमॉ’ एवढ्या एकाच नावाने ओळखले होते, आणि तीही ज्यॉरच्या एका काळ्यापांढऱ्या छायाचित्रातून व नाताळच्या आधी येणाऱ्या पत्रातून. त्या गृहस्थांनी फार समजूतदारपणे ‘हरकत नाही’ म्हटले आणि त्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले.

मला तो शब्द फार लागला. ज्या माणसाने माझ्या मुलांना सायकल शिकवली, परसातल्या आंबट चेरीच्या झाडाला कलम बांधायला शिकवले, त्याला जन्म देणारी बाई आमच्या घराला अज्ञात होती. आम्ही त्यांना वडील म्हणून, सासरे म्हणून, आजोबा म्हणून ओळखत होतो. ते कोणाचा तरी मुलगा होते हे आम्हाला माहीत असूनही माहीत नव्हते. पुढचे नऊ-दहा महिने आमच्या घरात जे घडले, ते सगळे त्या एका रकान्यापासून सुरू झाले.

निधनाची वार्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण नवऱ्याला ते जमेना. पहिल्याच ओळीला मी अडले, कारण अप्पांचे नाव कसे लिहायचे हेच ठरेना. हंगेरियन माणूस आधी आडनाव लिहितो आणि मग स्वतःचे नाव. अमेरिकेत आल्यावर ही मांडणी उलटी झाली आणि नावही बदलले. इश्तवानचा स्टीव्ह आणि यानोशचा जॉन व्हावा, तसा अप्पांचाही एक इंग्रजी अवतार झाला, आणि कारखान्यात व शेजारात तोच सर्वांना ठाऊक होता. चर्चमधली त्यांच्या वयाची माणसे मात्र त्यांना मूळ नावाने, आडनाव आधी लावून, ओळखत. शेवटी मी दोन्ही नावे लिहिली आणि हंगेरियन नाव आधी ठेवले.

न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक हे गाव एके काळी अमेरिकेतील हंगेरियन लोकांचे मोठे ठिकाण होते. सॉमरसेट स्ट्रीटवर त्यांचे खाटीक, बेकऱ्या आणि चर्चे होती. आता दुकाने फारशी उरलेली नाहीत, पण चर्चमधल्या बायका अजून कोणी गेले की जमतात. अप्पा सुधारित पंथाचे, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले होते. त्या पंथाच्या हंगेरियन अंत्यविधीत नव्वदावे स्तोत्र म्हणतात, आणि त्याचे शब्द १६०७ साली छापलेल्या सेन्त्सी मोल्नार ऑल्बेर्त यांच्या स्तोत्रसंग्रहातून आलेले आहेत. चाल अतिशय संथ असते. समोरच्या बाकांवर बसलेल्या सात-आठ वृद्धांनी पुस्तक न उघडता ते सगळे म्हटले, आणि चारशे वर्षांपूर्वीचे शब्द मुखोद्गत असलेल्या त्या माणसांकडे पाहताना मला आमच्या घरी पहाटे म्हटल्या जाणाऱ्या काकड्याच्या अभंगांची आठवण झाली. विधीनंतरच्या जेवणाला ते ‘तोर’ म्हणतात. तेव्हा खारट, खुसखुशीत पोगाचॉ आणि खसखशीचे रोल होते. त्या रात्री माझ्या आईने सांगलीहून फोन करून विचारले की दहावा, तेरावा कोण करणार. मी म्हटले की त्यांच्यात तसे नसते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग तू आठवण तरी कर.”

फेब्रुवारीत आम्ही अप्पांचे घर आवरायला घेतले. कपडे आणि भांडी दोन शनिवारांत झाली. अडलो ते पलंगाखालच्या एका पत्र्याच्या डब्याशी. त्यात सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे, काही पावत्या, दोन छायाचित्रे आणि जुनी सरकारी कागदपत्रे होती.

सर्वांत वर होते ते त्यांच्या अमेरिकेतील प्रवेशाचे कागद, आणि त्यांवर ‘पॅरोल’ असा शिक्का होता. माझा दहा वर्षांचा मुलगा तो वाचून घाबरला आणि त्याने विचारले, “नॉद्यपॉपॉ तुरुंगात होते का?” मग त्याला बसवून सगळे सांगावे लागले, आणि सांगताना लक्षात आले की आम्हालाही ते तुकड्यातुकड्यांनीच माहीत होते. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव सुरू झाला तेव्हा अप्पा एकोणीस वर्षांचे होते आणि ज्यॉरच्या रेल्वे वॅगनच्या कारखान्यात काम शिकत होते. ज्यॉरही त्या आठवड्यात पेटले होते. पश्चिम हंगेरीची राष्ट्रीय परिषद तिथेच स्थापन झाली, आणि नगरभवनापुढच्या गर्दीत अप्पाही उभे होते. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे परत आले. त्यानंतरच्या आठवड्यांत सुमारे दोन लाख माणसांनी देश सोडला, आणि त्यांतले बहुतेक ऑस्ट्रियात गेले. अमेरिकेने त्यांतल्या हजारो लोकांना नेहमीच्या व्हिसाची वाट न पाहता तात्पुरत्या परवानगीवर आत घेतले, आणि कायद्याच्या भाषेत त्या परवानगीला पॅरोल असे नाव होते. त्यांना कायमचा निवासी दर्जा मिळावा म्हणून १९५८ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलाचे समाधान झाले. मी मात्र तो कागद बराच वेळ हातात धरून बसले, कारण माझ्या स्वतःच्या व्हिसाच्या, मुदतवाढीच्या आणि हिरव्या कार्डाच्या फायलीही आमच्या कपाटात अशाच सुतळीने बांधलेल्या आहेत.

अप्पा ऑस्ट्रियातल्या आंडाऊ गावाजवळच्या पुलावरून पलीकडे गेले होते. एका कालव्यावरचा तो अरुंद लाकडी पूल होता, शेतकऱ्यांनी गवत नेण्यापुरता, आणि त्यावरून सुमारे सत्तर हजार माणसे पार झाली. २१ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने तो उडवून दिला, आणि अप्पा त्याच्या चार दिवस आधी गेले होते. पुढे ट्राइसकिर्खेनची छावणी, म्युनिकहून विमान, आणि डिसेंबरात न्यू जर्सीतील कॅम्प किल्मर. त्या लष्करी तळावरून तीस हजारांहून अधिक हंगेरियन निर्वासित पुढे अमेरिकाभर पांगले. आज त्या जागेच्या एका भागावर रटगर्स विद्यापीठाचा लिव्हिंग्स्टन परिसर आहे, आणि तो एडिसनमधील आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जाताना मी कितीदा तरी त्याच्या बाजूने गेले असेन. एकदा अप्पा गाडीत होते तेव्हा त्यांनी काचेतून बोट दाखवून एवढेच म्हटले होते, “इथे मी पहिल्यांदा संत्रे पोटभर खाल्ले.” मी पुढे काही विचारले नाही, याचे मला आज वाईट वाटते.

पत्रे दोनशे अकरा होती. सगळी आईची होती आणि १९५७ पासून १९८४ पर्यंतची होती. माझ्या नवऱ्याला हंगेरियन बोलता येते, पण ती घरातली, जेवणाच्या टेबलावरची भाषा आहे. जुन्या वळणाचे पेन्सिलीतले अक्षर त्याला लागेना. आम्हाला वाटले होते की पाठवणाऱ्याच्या जागी आईचे नाव तरी असेल. पाकिटाच्या मागे होते ते अप्पांच्या वडिलांचे संपूर्ण नाव आणि त्याच्या शेवटी ‘ने’ हा प्रत्यय. चर्चमधल्या एका आजींना आम्ही ते दाखवले तेव्हा त्यांनी उलगडून सांगितले की हंगेरीत जुन्या पद्धतीने लग्न झालेली बाई नवऱ्याचे पूर्ण नाव घेते आणि त्याला ‘ने’ जोडते, म्हणजे अमक्याची बायको. तिचे स्वतःचे नाव त्यात कुठेच राहत नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझी आजी उभी राहिली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि तिचे माहेरचे नाव मला ती गेल्यानंतर, तिच्या धाकट्या बहिणीकडून कळले. ज्यॉर आणि सांगली यांच्यात काही हजार किलोमीटर असतील, पण नाव पुसण्याची रीत मात्र अगदी शेजारच्या घरातली वाटावी अशी होती.

त्या आजी स्वतः लहान मुलगी असताना १९५७ मध्ये आईवडिलांबरोबर आल्या होत्या. त्यांनी आपण होऊन सांगितले की दर शनिवारी या, आपण मिळून वाचू. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही जात राहिलो. त्या मोठ्याने वाचत, माझा नवरा इंग्रजीत सांगे, माझी चौदा वर्षांची मुलगी संगणकावर उतरवून घेई, आणि मी एका वहीत मराठीत टिपणे करी, कारण मला जे मनात ठेवायचे असते ते मराठीतच लिहावे लागते. घाई करता येत नसे. कधी एका सकाळी दहा पत्रे होत, कधी एकच.

प्रत्येक पत्राची सुरुवात एकच होती, ‘एदेश फिऑम’, म्हणजे माझ्या गोड मुला. शेवटही एकच होता, ‘एदेशॉन्याद’. हंगेरियन भाषेत जन्मदात्या आईला ‘गोड आई’ असाच शब्द आहे, त्यामुळे ‘तुझी आई’ एवढेच लिहायचे असले तरी गोडवा आपोआप येतो. मधला मजकूर साधा होता. अक्रोडाला यंदा फळ कमी धरले, डुकराचे मांस खारवून ठेवले, शेजारणीच्या मुलीचे लग्न ठरले, तुझ्या वडिलांच्या छातीत दुखते, तू जेवतोस ना नीट. राजकारणाचा एक शब्द नाही, कारण पत्रे उघडून वाचली जात हे सर्वांना ठाऊक होते. आमच्या वाचणाऱ्या आजी मात्र मधेच थांबत आणि म्हणत, इथे ती दुसरेच काही सांगते आहे. ‘अमक्याचा मुलगा अजून कामावरून घरी आला नाही’ असे वाक्य तीन वर्षांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. कामावरून कोणी तीन वर्षे यायचा राहत नाही.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी जे पत्र निघाले ते मी विसरू शकत नाही. घर सोडण्यापूर्वी अप्पांनी आईशी एक खूण ठरवली होती. सीमा ओलांडणारी मुले त्या काळी फ्री युरोप या पश्चिमेतून पूर्व युरोपासाठी चालणाऱ्या रेडिओवरून सांकेतिक निरोप पाठवत, आणि निवेदक रात्री ते एकामागून एक वाचून दाखवत असे. अप्पांची खूण होती ‘अक्रोड वेचून झाले’. आईने १९५७ च्या पहिल्याच पत्रात, कोणाला संशय येऊ नये अशा बेताने, लिहिले होते की अक्रोड वेचून झाल्याचे आम्हाला नवव्या रात्री कळले, तुझे वडील काही न बोलता परसात गेले आणि बराच वेळ झाडाखाली उभे राहिले, मी त्यांना जेवायला हाक मारली नाही. आमच्या आजींचा आवाज इथे बसला. मुलीने टंकलेखन थांबवले. माझा नवरा उठून खिडकीशी गेला, आणि त्याची पाठ मला हुबेहूब अप्पांच्या पाठीसारखी दिसली.

वडील १९६१ मध्ये गेले. अप्पांना जाता आले नाही, कारण परवानगीशिवाय देश सोडणे हा गुन्हा होता आणि परतणाऱ्याला अटकेची भीती होती. १९६३ च्या मार्चमध्ये सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि त्यानंतर हळूहळू माणसे अमेरिकी पासपोर्ट घेऊन भेटीला जाऊ लागली. अप्पा १९६८ मध्ये पहिल्यांदा गेले. त्या भेटीनंतरच्या पत्रात आईने एकच तक्रार केली आहे, की तू माझ्याशी बोलताना शब्द शोधत होतास.

हे वाक्य ऐकून मी वही मिटली. दोन-तीन वर्षांनी सांगलीला गेले की माझी आईही हेच म्हणते.

डब्यातल्या पावत्यांपैकी बऱ्याचशा ‘इक्का’ नावाच्या सेवेच्या होत्या. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरायचे आणि हंगेरीतल्या माणसाला त्याबदल्यात वस्तू मिळायच्या, अशी ती सरकारी सोय होती. कोळसा, कॉफी, एकदा शिलाई यंत्र. दर तीन महिन्यांनी एक, अशा वर्षानुवर्षांच्या पावत्या होत्या. अप्पा कारखान्यात कितीतरी वर्षे शनिवारचेही काम करत, आणि लहानपणी आपले वडील शनिवारी कधीच घरी नसत याची माझ्या नवऱ्याच्या मनात अढी होती. त्याने त्या पावत्या तारखांप्रमाणे लावल्या आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलला नाही.

एक पावती वेगळी होती, बरीच अलीकडची, २००९ सालची. हंगेरीत थडग्याची जागा कायमची मिळत नाही. ती पंचवीस वर्षांसाठी घेतात आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात, नाहीतर ती जागा जाते. आई १९८४ मध्ये गेल्या होत्या, म्हणजे मुदत २००९ मध्ये संपत होती. त्या वर्षी बहात्तर वर्षांच्या अप्पांनी, आम्हा कोणालाही न सांगता, पुढच्या पंचवीस वर्षांचे पैसे भरून टाकले होते. ती पावती पाहिल्यावर त्यांच्या अस्थींचे काय करायचे हा आमच्यातला प्रश्न संपला. अर्धा भाग सासूबाईंच्या शेजारी न्यू जर्सीत राहील आणि अर्धा ज्यॉरला जाईल असे आम्ही ठरवले.

आणि नाव? ते डब्याच्या तळाशी सापडले. लहानशी ओळखपत्राची पुस्तिका होती, कालव्याच्या पाण्याने असेल किंवा घामाने, पण कडा फुगलेल्या. हंगेरीत प्रत्येक सरकारी कागदावर माणसाच्या ओळखीसाठी एक रकाना असतोच असतो, ‘ऑन्यॉ नेवे’, म्हणजे आईचे नाव, आणि तिथे तिचे जन्मनाव लिहितात. बायकोचे नाव ‘ने’मध्ये विरून जाते, पण तिच्या मुलाच्या कागदावर ती स्वतःच्या नावानिशी असते. मुलीने ते वाचले, अडखळत, दोनदा. पणजीचे नाव घरात पहिल्यांदा उच्चारले गेले. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते आमचे घरचे आहे.

पुढचे काम कागदोपत्री होते आणि ते मी माझ्याकडे घेतले. न्यूयॉर्कमधील हंगेरियन वाणिज्य दूतावासामार्फत अप्पांच्या जन्माचा उतारा मागवला. तिकडे १८९५ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद होते, त्यामुळे १९३७ ची नोंद मिळायला अडचण आली नाही. तो उतारा जोडून मृत्यूच्या दाखल्यात दुरुस्ती करण्याचा अर्ज केला. ज्या दिवशी नवा दाखला टपालाने आला आणि त्यावर ‘अज्ञात’च्या जागी तिचे नाव होते, त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावून तो कागद थोडा वेळ तिथे ठेवला. मग त्यावर राज्याचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे प्रमाणपत्र, घेतले आणि त्याचे हंगेरियन भाषांतर करून घेतले. विमानातून अस्थी नेताना कलश धातूचा असून चालत नाही, कारण तपासणीच्या यंत्राला आतले दिसावे लागते. म्हणून आम्ही लाकडी पेटी घेतली. अप्पा फावल्या वेळात लाकूडकाम करत, ते त्यांना आवडले असते.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. माझ्या मुलांना मी त्याआधी कधी त्याविषयी सांगितले नव्हते. सर्वपित्री अमावास्येला, १४ ऑक्टोबरला, मी वरणभात, खीर आणि वडे केले, आणि पान वाढताना मनात आले की हे सगळे माझ्या माहेरच्या पितरांचे झाले, यात अप्पांचे काय आहे. त्यांना सर्वांत प्रिय होते ते गरिबीतले खाणे, म्हणजे पावाच्या जाड तुकड्यावर डुकराची चरबी, वर कांद्याच्या चकत्या आणि चिमूटभर पापरिका. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते त्यावर माझ्या आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरत. शास्त्रात बसते की नाही याचा विचार न करता मी दुसऱ्या एका पानावर तसा तुकडा ठेवला, चटणीसकट, आणि दोन्ही पाने मागच्या अंगणात चेरीच्या झाडाखाली ठेवली. कावळा आला. मुलगा दाराआडून पाहत होता. कावळ्याने आधी पाव उचलला.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चौघे गेलो. अप्पा मुलांना गोष्टी सांगत त्यांची सुरुवात नेहमी एकच असे, ‘होल वोल्त, होल नेम वोल्त’, म्हणजे कुठे होते, कुठे नव्हते. मी मुलांना आटपाट नगराची गोष्ट सांगे आणि अप्पा त्यांच्या या नसलेल्या-असलेल्या गावाची. गोष्टीचा शेवटही ठरलेला असे, ‘ज्याला खरे वाटत नसेल त्याने जाऊन पाहावे.’ इंग्रजी बोलताना मात्र त्यांची कायम गडबड होई. हंगेरियन भाषेत तो आणि ती यांत फरकच नाही, एकच सर्वनाम आहे, त्यामुळे माझ्या मुलीला ते खुशाल ‘तो’ म्हणत, आणि तीन लिंगांच्या भाषेतून आलेल्या मला ते सुधारण्याचा मोह होई. आता गाडीत मुलीने आपल्या भावाला हंगेरियन वाक्य शिकवताना तीच गडबड केली आणि आम्ही कोणीच तिला सुधारले नाही.

आधी आंडाऊला गेलो. तो पूल १९९६ मध्ये पुन्हा बांधला आहे. अगदी लहान आहे, पंधरा-वीस पावलांत संपतो. मुलगा तो चार-पाच वेळा इकडून तिकडे पळत गेला. माझा नवरा मधोमध उभा राहिला, आणि पुलाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे पाहत असताना त्याने मला १९८९ ची एक आठवण सांगितली. त्या वर्षी १६ जूनला १९५६ च्या उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नॉद्य यांचा, फाशी दिल्यानंतर बरोबर एकतीस वर्षांनी, सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला, आणि दूरचित्रवाणीवर ते दृश्य दाखवत असताना अप्पा कामाच्या कपड्यांत, डबा हातात घेऊन, दिवाणखान्यात उभे होते. आई बसा म्हणाली तरी ते बसले नाहीत. तेरा वर्षांच्या त्याला तेव्हा वाटले होते की वडिलांना कारखान्यात उशीर होईल.

ज्यॉरमध्ये ते घर अजून आहे. तिथे आता दुसरे कुटुंब राहते. त्यांनी आम्हाला परसात येऊ दिले. अक्रोडाचे झाड पडून गेले असावे असे आम्ही धरून चाललो होतो, पण ते होते, पाने गळलेले, आणि खाली काळी पडलेली टरफले विखुरलेली होती. घरातल्या बाईने मुलांच्या हातात पिशवी दिली. मुलांनी वाकून अक्रोड वेचले, आणि मुलीने, ते वाक्य तिने स्वतःच टंकून काढले होते म्हणून असेल, उभी राहून हंगेरियनमध्ये सांगितले की वेचून झाले. त्या बाईला त्यातले काही कळण्याचे कारण नव्हते. ती हसून म्हणाली की अजून बरेच आहेत, घ्या.

१ नोव्हेंबरला हंगेरीत सुट्टी असते आणि माणसे दफनभूमीत जाऊन थडग्यांवर शेवंतीची फुले व मेणबत्त्या ठेवतात. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीच्या कार्यालयात गेलो. फाटकाबाहेर फुलांच्या बादल्या मांडलेल्या होत्या, आणि आत माणसे थडगी धूत होती, पाने झाडत होती, जशी आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी अंगणे झाडतात. कार्यालयातल्या बाईंनी आमचे कागद पाहिले, २००९ ची पावती वहीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. मग अस्थी आईच्या थडग्यात ठेवण्याचा अर्ज त्यांनी टेबलावर सरकवला.

माझ्या नवऱ्याने लिहायला घेतले. त्याने आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिले. जन्मस्थळ आणि जन्मतारीख भरली. पुढचा रकाना होता ‘ऑन्यॉ नेवे’. मी नवा दाखला पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरला, पण त्याने त्याकडे पाहिले नाही. ते नाव त्याने न थांबता, सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पेन माझ्या मुलीकडे दिले, तिनेही एकदा वाचून पाहावे म्हणून.